चार दिवसांची पाहुणी

सिंगापुरात थंडीचे कपडे सहसा कुणी विकत घेत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत कुणी जपानला निघालं की ग्रुपवर मेसेज पडतो आणि चार-पाच घरांतून कोट, बूट, हातमोजे गोळा होतात. आईचा कोट माझ्या मैत्रिणीचा होता. जांभळा, गुडघ्याखाली येणारा. मैत्रीण सिंगापुरातच, वन-नॉर्थ भागात माझ्याच ऑफिसात, मूळची पुण्याची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं जपानात होक्काइडोला आठवडाभरासाठी एक लाकडी घर घेतलं होतं. "तुझी आई आलीच आहे तर त्यांनाही घेऊन ये की चार दिवस," असं तीच म्हणाली.

विमानात आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "एक सांगू? तिथं माझ्या कामाचं काढू नकोस."

"का? लाज वाटते?"

"लाज कसली? पण चार दिवस नुसती तुझी आई म्हणून राहू दे की मला."

मी हो म्हटलं.

आईनं पुण्यात सव्वीस वर्षं लोकांकडे पोळ्या लाटल्या. सकाळची सात घरं. माझं इंजिनिअरिंग त्या पोळ्यांवर झालं. हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, आधीच्या ऑफिसच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन सांगितलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मला ते आवडतं, हेही सांगून टाकते.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. "या काकू, या," करत मैत्रिणीनं आईला हीटरजवळ बसवलं, पायांवर पांघरूण घातलं, हातात चहा दिला. तिची आठ वर्षांची मुलगी आईला चिकटून बसली. "आज्जी, यू सिट हिअर लाह, सो वॉर्म!" आई मैत्रिणीला 'बाळ' म्हणत होती. आईला इतका वेळ मांडी घालून, हात रिकामे ठेवून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीच्या नवऱ्यानं दार उघडलं तर समोर कमरेएवढी बर्फाची भिंत. गाडीच्या जागी एक उंचवटा. घरमालकानं फोनवर सांगितलं, रस्ता बंद आहे, दोन-तीन दिवस बाहेर पडू नका. घरात होती थोडी अंडी, नूडल्सची पाकिटं, बटाटे, आणि मैत्रिणीनं सिंगापूरहून आणलेली पाच किलो कणीक.

"आणली खरी," ती हसत म्हणाली, "पण मला कुठं येतंय? पुण्यात आमच्याकडे पोळ्यांना मावशी होत्या ना, शिकायची वेळच आली नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पांघरूण बाजूला करून उठली. "दे बाळ, मी करते चार."

लाटणं नव्हतं. काचेची बाटली धुऊन तिनं ओट्यावरच लाटायला सुरुवात केली आणि मागं न वळता विचारलं, "माणशी किती?"

सव्वीस वर्षांची सवय. मैत्रिणीनं माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पोळ्या झाल्या, आईनं ओटा पुसला, पण पानावर बसली नाही. "तुमचं होऊ द्या. मला भूक नाही." मला कारण माहीत होतं. ज्या घरी पोळ्या लाटायच्या, तिथं जेवायचं नाही, हा तिचा नियम. तिथं जेवलं की काम आणि उपकार एकात एक मिसळतात, म्हणायची. संध्याकाळी खोलीत तिनं आमच्या बॅगेतला चिवडा खाल्ला.

रात्री जेवताना पुन्हा तेच. मैत्रीण तोडलेला घास हातातच धरून म्हणाली, "काकू आमच्यात जेवत का नाहीत गं? आमच्या हातचं चालत नाही की काय?"

"आम्ही काही बाटवत नाही हो काकू," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

मला ते झोंबलं. माझी आई, आणि सोवळंओवळं? मी म्हटलं, "तसं काही नाहीये," आणि सगळं सांगितलं. सात घरं, सव्वीस वर्षं, तो नियम. तोंडपाठ गोष्ट होती माझी, कुठं थांबायचं तेही ठरलेलं. समोर दोघांचे चेहरे मऊ होत गेले तशी मला आणखीच रंगत चढली. मी उठले, ओढणी कमरेला खोचली, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले आणि काम आटपून निघताना आई करते तशी मान वाकडी करून म्हटलं, "ताई, येऊ का?"

सगळे खो खो हसले. मुलीनं टाळ्या वाजवल्या. "अगेन! डू अगेन!"

मी पुन्हा करून दाखवलं.

आई ओट्यापाशी उभी होती. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा ती वळली.

"किती अभिमान वाटत असेल ना तुला," मैत्रीण डोळे टिपत म्हणाली.

"वाटतोच," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण सोफ्यावरूनच म्हणाली, "मावशी, आज जरा पातळ लाटाल का? आणि कालचा तो ऑमलेटचा तवा तेवढा राहिलाय बघा."

"हो ताई," आई म्हणाली.

आईहून तीस वर्षांनी लहान ती. मी तिथंच होते, हातात फोन होता. ऑफिसात मॅनेजरलाही तोंडावर सुनावणारी मी, फोनवर बोट फिरवत राहिले. खोलीत गेल्यावर मात्र आईलाच बोलले. "नाही म्हणता येत नाही तुला? आणि ताई कशाला म्हणतेस? बाळ म्हणत होतीस ना तिला?"

"तूच दाखवलंस की," आई म्हणाली. "दोनदा."

चौथ्या दिवशी बर्फ काढणारी गाडी आली. निघताना आई कोट काढून द्यायला लागली, तर मैत्रीण म्हणाली, "राहू द्या मावशी, जुनाच आहे. पुण्याला उपयोगी पडेल." आईनं घडी घातली. "बरं ताई."

सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या माझ्या फ्लॅटवर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी टेबलावर दोन ताटं मांडली. या फ्लॅटमध्ये पोळ्या आईच करायची आणि मग माझ्या शेजारी बसून जेवायची. माझं घर तिच्या नियमात कधी आलंच नव्हतं.

आतून आवाज आला, "किती करू?"

"दोघींना पुरतील तेवढ्या."

"तुझ्या किती ते सांग."

मी तीन म्हटलं. तिनं तीन लाटल्या, माझ्या ताटात वाढल्या, ओटा पुसला, हात धुतले, पर्स घेतली. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"आई, बस ना. जेव."

"खाली हॉकर सेंटरला डोसा मिळतो, बघून ठेवलाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. सात घरांतून निघताना असेल तसा आवाज. "येऊ का?"

चपला घालून ती लिफ्टकडे गेली. पुण्याला परत जायला तिला अजून तीन आठवडे होते. रोज तसंच झालं.

तीन पोळ्या मी खाल्ल्या. गरम होत्या.