डाव्या गालावरची माती

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत सिंधुमावशींची मेस होती. चाळीस पोरी जेवायच्या, डॉक्टर व्हायला आलेल्या. मावशींच्या हातची भाकरी म्हणजे काय विचारता! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? नांदेडहून आलेल्या एका आईनं मावशींच्या दोन्ही गालांवरचे काळे चट्टे बघितले अन् म्हणाली, "हे पोरीला लागलं तर?" लेकीला घेऊन गेली. मागोमाग आणखी दोघी गेल्या. अहो, वांग कधी कुणाला लागलाय का! पण शहाण्यांना कोण सांगणार?

मेसमधली जळकोटची अलीझा मात्र इरेला पेटली. "मावशी, उठा. औषध हाय याला." ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलमाची नळी दिली. झोपताना वाटाण्याएवढं लावायचं, उन्हात तोंड झाकायचं, महिन्याला दाखवायला यायचं.

महिन्यात वांग फिकटला. आरशात बघून मावशी लाजल्याच! अन् त्याच आठवड्यात त्यांचं स्वप्न बिघडलं.

हा वांग आला होता मल्लू पोटात असताना. मल्लम्मा, आजीचं नाव. अडीच वर्षांची झाली तेव्हा आईच्या मांडीत बसून, बोटाला थुंकी लावून गाल पुसायची. "आई, माती." निघेना म्हणून वर रुसायची. भूकंपात घर बसलं, मल्लू गेली. एक फोटोसुद्धा राहिला न्हाई. राहिलं ते स्वप्न. तुरीच्या पिवळ्या फुलांतनं मल्लू चालत यायची. उजेड असा धुकट, की तिचं तोंड दिसायचं नाही. इवलं बोट गाल चाचपायचं, "माती" म्हणायचं, अन् पोर मांडीत शिरायची. चौदा वर्षं हेच. जगात असती तर यंदा अलीझाएवढी असती, पण स्वप्नात अडीचचीच.

त्या आठवड्यात बोट आलं, गालावर फिरलं, शोधत राहिलं. मग मागं सरलं. मल्लू पाठ फिरवून तुरीत चालली. "अगं, मीच हाय!" मावशी ओरडल्या. पोरीनं वळून बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई चिडल्याच. "उजवा गाल स्वच्छ, अन् डावा पहिल्यापेक्षा काळा? मलम अर्ध्या तोंडाला लावता का, मावशी?"

"हाव, अन् डावा उन्हात धरते," मावशी म्हणाल्या. अलीझा तोंडाकडं बघतच राहिली. मग मावशींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "डावा पण पुसला तर लेकरू मला वळखणार कसं, बाई? ज्यांना मेस सोडायची त्यांनी सोडावी."

अलीझानं मावशींचा हात धरला.

"मग, येते का ती आता?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"येती की. आता डावीकडनं येती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला, चिठ्ठी पुढं ओढली, अन् मलमाच्या नावाखाली लिहिलं: झोपताना, फक्त उजव्या गालाला.