सोळा भाज्यांची चिठ्ठी

कपाशीनं, आमच्याकडच्या पऱ्हाटीनं, लागोपाठ दोन वर्षं हात दाखवल्यावर बायकोनं आमच्या सहा एकरांतले दोन एकर भाजीसाठी काढून घेतले. यवतमाळात दारोदार फिरून तिनं बावीस घरं जोडली. हंगामभर भाजी आमचीच घ्यायची, शेत देईल ती, दर शनिवारी एक पिशवी. पेरणं, खुडणं, पिशव्या भरणं सगळं तिच्याकडे. अक्षर बरं म्हणून पिशवीत टाकायची चिठ्ठी तेवढी माझ्याकडे. या आठवड्यात काय निघालं, दोडकं वाकडं का आहे, इतकंच लिहायचं. पण लिहिता लिहिता मला आपण मोठे बागायतदार असल्याचा भास होऊ लागला.

भादव्यात महालक्ष्म्या जवळ आल्या. आमच्याकडे त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी लागते. मी लिहून टाकलं, "यंदा सोळाही भाज्या आपल्याच शेतातल्या. कोणीही बाजारात जाऊ नये." मोजायला शेतात जायला हवं होतं, पण चिखल फार होता. म्हणून मी घरातल्या डब्यातली बियाण्यांची पाकिटं मोजली. बरोबर सोळा भरली.

बायकोनं ती चिठ्ठी वाचली तेव्हा पिशव्या वाटून झाल्या होत्या.

"हे कायले लिहिलं तुमी? शेतात अकरा आहेत."

"डब्यात सोळा..."

"डब्यातलं गाजर, मुळा, वाटाणा थंडीचं आहे. मेथी अन् पालक पाकिटातच आहे अजून. पाकिटं शिजवतील का लोकं?"

मी डबा फळीवर ठेवून दिला. दिवाळीनंतर भाजी घ्यायची की नाही, हे बावीस घरं याच महिन्यात सांगणार होती. "नैवेद्यात ज्याची फजिती झाली, तो घेईन का आपली भाजी?" ती म्हणाली. "मंग लावा त्या दोन एकरातही पऱ्हाटीच."

दुसऱ्या दिवशी मी चपला हातात घेऊन शेतात गेलो. निंदणाला आलेली मावशी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. माझं रडगाणं तिनं शांतपणे ऐकलं.

"भाऊ, आमी निंदून फेकून राह्यलो, ते मोजलं का तुमी?"

तिनं ढिगातून एकेक जुडी उचलून माझ्यासमोर मांडली. घोळ, केना, कुंजर, सगळ्या रानभाज्या. पुढं कोहळ्याच्या वेलाकडे बोट दाखवलं. "अन् हे फुलं? याची भाजी नाही खाल्ली कधी?" खाल्ली होती, फुलांची आणि त्या पाल्याचीही. आईच्या हातची, आवडीनं. आणि आता त्याच पाल्याला तण म्हणून मी चिठ्ठीत दोनदा शिव्या दिल्या होत्या.

पंधरा झाल्या. "मिरची धरू का सोळावी?" मी घरी येऊन विचारलं.

"तुमी काही सुधरत नाही," बायको म्हणाली.

मग तिनं सांगितलं तसं लिहिलं. शेतात अकरा आहेत, तीन रानातल्या आहेत, एक कोहळ्याच्या फुलांची आहे, सोळावी तुम्हाला बाजारातून आणावी लागेल, चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची आहे. नैवेद्याच्या आदल्या दिवशी पिशव्या पोचवायला तिनं मलाच पाठवलं. शिक्षा म्हणूनच.

सगळ्यात जास्त धाक होता एका निवृत्त बाईंचा. त्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी दारातच जुड्या मोजल्या, चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घोळाची भाजी कशी निवडतात ते माझ्या सुनेला माहीत नाही. आज दाखवते," म्हणाल्या आणि पिशवी आत घेऊन गेल्या. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

महालक्ष्म्या उठल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. बाईंनी प्रसादाचा डबा हातात ठेवला. "थंडीतही पाठवा. पण चिठ्ठी आधी तुमच्या मंडळींना दाखवत जा."

घरी बायको वांगी निवडत होती.

"किती घरं राहिली?"

"वीस."

"दोघांले काय झालं?"

"एकाची बदली झाली. दुसरे म्हणाले, पैसे देऊन कचरा खायचा का."

"बरोबर आहे त्याहीचं," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. त्या हसण्याचे, मावशीच्या त्या चार भाज्यांचे आणि वीस घरांचे उपकार मी अजून मानतो. प्रसादाचा डबा आम्ही तिथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी बसून उघडला. मग ती गाजराच्या वाफ्यांसाठी दोरी शोधायला उठली.