पाकिटावर काय लिहिलंय

माझ्या भावाच्या बास गिटारला सहा तारा होत्या. साध्या बासला चार असतात. त्याच्या बासला खालच्या बाजूला एक आणि वरच्या बाजूला एक जास्त होती. सगळ्यात जाड तार तो वाजवायचा तेव्हा आमच्या यशवंतपूरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर पोह्यांच्या डब्याचं झाकण थरथरायचं. बाजारात कांद्याचे ट्रक मागे घेतात तेव्हाही ते तसंच थरथरतं. मी उठून झाकणावर वाटी पालथी घालायची. माझा त्या वाद्याशी संबंध एवढाच होता.

तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता, त्यामुळे त्याचे डबे, परीक्षा, ताप, सगळं माझ्याकडे आलं. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. तो सर्जापूर रोडला फ्लॅट घेऊन एकटा राहिला आणि आजारी पडल्यावर माझ्याकडे परत आला. एक सूटकेस, औषधांची पिशवी आणि ती बास. तो परत आला ह्याचा मला आनंद झाला होता. कशामुळे आला हे ठाऊक असूनही झाला होता.

रविवारी त्याचे तीन मित्र यायचे. दारात बुटांचा ढीग, हॉलभर वायरी. मी कॉफी घेऊन गेले की त्याला सुचायचंच काहीतरी.

"हळू रे, हळू! अक्का आली. आता दंड बसेल."

मित्र हसायचे.

"आमच्या घरात टाचणी पडली ना, तर अक्का टाचणीलाही गप्प बस म्हणते."

"अक्का, खरंच?" त्यांच्यातला एक, पुण्याचा, गिटारवाला, विचारायचा.

"टाचणी ऐकते तरी," मी म्हणायची. हसू आणून.

पुढे उपचार जड झाले आणि मित्रांचं येणं थांबलं. औषधांनी त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली आणि डोळे कोरडे पडले. बारीक अक्षर त्याला दिसेना. संध्याकाळी मी त्याला वाचून दाखवू लागले. लहानपणी दाखवायची तसंच. तो डोळे मिटून ऐकायचा, मध्येच "थांब, ते परत वाच" म्हणायचा. दोन महिने असे गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दोन महिने होते, हे मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते.

एका सोमवारी तो म्हणाला, "ह्या रविवारी सगळ्यांना बोलावलंय. एकदा वाजवायचंय, अक्का. पुढच्या महिन्यात बोटं एवढीही उरतील की नाही, कोण जाणे. पण तारा मेल्यात. नव्या आणशील?"

"मी? मित्रांना सांग की."

"ते काहीही उचलून आणतील. तू पाकीट वाचून आणशील."

मी तीन दिवस वाचलं. ती माझी सवय आहे. तार जाड असेल तर तोच सूर मिळवायला ती जास्त ताणावी लागते आणि दाबायला जास्त जोर लागतो, हे मला कळलं. पातळ तार हलकी. तिचा खालचा सूर जरा भोंगळ येतो, पण बोटाला सोपी. निकेलची मऊ, पोलादाची खरखरीत, बोट सोलणारी. त्याच्या बासची दांडी लांब, तारेचं माप पस्तीस इंच. आखूड तारा चालणार नव्हत्या. वहीत मी हे सगळं उतरवून घेतलं, कोष्टकासकट.

गुरुवारी दोन बस बदलून एचएसआर लेआउटमधल्या एका दुकानात गेले. पहिला मजला, भिंतीवर गिटारी टांगलेल्या. मी सहा तारांचा, लांब सेट मागितल्यावर दुकानदारानं माझ्या साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यारिगे, मेडम?" त्यानं विचारलं. कोणासाठी?

मी कानडीत सांगितलं, भावासाठी, बोटं अधू झाली आहेत. त्याचा चेहरा लगेच बदलला. त्यानं काचेवर दोन पाकिटं ठेवली. "हे घ्या. निकेल, हलका. लहान मूलसुद्धा दाबेल." दुसऱ्या पाकिटावर हात ठेवून म्हणाला, "हे पोलाद, जाड. हे नको. ओढ इतकी की दांडी स्वल्प वाकते, तारा वर उचलतात. ह्याला चांगला हात लागतो."

मी दोन्ही पाकिटं उचलून वाचली. पुढची बाजू, मागची बाजू. बाहेर ट्रॅफिक अडला होता आणि आत कोणीतरी एकच धून पुन्हा पुन्हा चुकत होतं. मला रविवार दिसत होता: बूट, वायरी, टाचणी. मग पुढचा रविवार, त्याच्या पुढचा. त्याच्याकडे किती रविवार आहेत ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, त्याला नाही.

मी जाड सेट घेतला. "सरी," दुकानदार म्हणाला, बरं, आणि खांदे उडवले.

घरी आल्यावर भावानं पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मला परत दिलं.

"वाच ना. काय लिहिलंय?"

"निकेल," मी वाचलं. "हलका सेट. सहा तारा. पस्तीस इंच."

लांबी खरी होती.

छापलेलं चुकीचं वाचायची ती माझी पहिली वेळ. आवाज जराही हलला नाही.

जुन्या तारा त्यानं कापून काढल्या, म्हणजे परतीची वाट तिथेच संपली. नव्या चढवायला त्याला दुपार लागली. मी बास धरून बसले होते. जाड तारेवरून अंगठा फिरवून तो म्हणाला, "जाड वाटतेय गं."

"तुझ्या बोटांना सध्या सगळंच जाड वाटतं. चमचासुद्धा वाटतो म्हणाला होतास."

"हं," तो म्हणाला.

शुक्रवारी त्यानं सकाळी वाजवून पाहिलं, मग जेवणानंतर. तार दाबायला त्याला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागत होता. सूर नीट उमटतच नव्हता, नुसता खरखर आवाज. डब्याचं झाकण हललं नाही. संध्याकाळी त्याची बोटं सोललेली दिसली; त्याला ती कळलीही नव्हती, मीच दाखवली आणि मलम लावलं.

"तारा वर आल्यात का अक्का? बघ ना जरा, दांडीपासून किती लांब दिसतात?"

मी वाकून पाहिलं. त्या वर आल्या होत्या. दुकानदारानं सांगितलं होतं तशाच.

"तारा ठीक आहेत," मी म्हटलं. "बोटं तुझी."

त्यानं बोटांकडे पाहिलं. कितीतरी वेळ. कोणी आपल्या सामानाकडे पाहावं, हे आता न्यायचं नाही म्हणून, तसं. मी मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं.

शनिवारी तो बराच वेळ फोन घेऊन पडून होता. रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "उद्या कोणी येणार नाही. नको म्हणून कळवलंय."

"बरं," मी म्हटलं. "आराम पडेल."

त्यानंतर तो पाच आठवडे होता. बास केसमध्ये बंद होती. मी रोज संध्याकाळी वाचायची. एक नवी खोड त्याला लागली होती. मी पुस्तक उघडलं की डोळे मिटूनच तो म्हणायचा, "जे छापलंय तेच वाच हं, अक्का." मी हसायची. तो हसायचा नाही. मला वाटायचं, औषधांनी थकलाय.

त्याचे दिवस झाल्यावर दोन आठवड्यांनी पुण्याचा गिटारवाला बास न्यायला आला. भावानं ती त्याच्यासाठी ठेवली होती. मी कॉफी केली. त्यानं केस उघडली, बास मांडीवर घेतली, एक तार दाबली आणि तोंड वाकडं केलं.

"बाप रे. अजून तेच दोरखंड आहेत!"

"तेच म्हणजे?"

केसच्या खणातून त्यानं पाकीट काढलं. ते मी टाकलंय असं मला वाटत होतं. "हेच. त्या शनिवारी ह्याचा फोटो पाठवला होता मला. म्हणाला, काय लिहिलंय ते सांग, मला दिसत नाही. मी म्हटलं, अरे स्टील आहे, हेवी, हे कोणी घेतलं? तर म्हणे अक्कानं. मी म्हटलं, उद्या येताना हलका सेट आणतो, दांडी सेट करतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तर नको म्हणाला. येऊच नका म्हणाला."

मी कप खाली ठेवला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, अक्का. मी त्याला तेच म्हटलं. म्हटलं, अक्कांना ह्यातलं काय कळणार, चुकून घेतलं असेल. त्यावर काय लिहिलं माहितीये त्यानं? थांबा, दाखवतो."

फोन त्यानं माझ्यापुढे धरला. एकच ओळ होती.

*अक्का वाचताना कधी चुकत नाही.*

"किती अभिमान होता त्याला तुमचा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मग केसमधून छोटी किल्ली काढून तो दांडीच्या टोकाशी काहीतरी पिळू लागला, थोडं पिळायचा, थांबायचा, पुन्हा थोडं. सगळ्या तारा हळूहळू खाली बसल्या. त्यानं सगळ्यात जाड तार छेडली.

स्वयंपाकघरात झाकण वाजलं. मी उठले नाही.

"तुम्हाला कधी काही बोलला का तो ह्याबद्दल?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणि मला ह्यातलं काय कळणार."