सेत्ताईला नाही म्हणत नाहीत

मसुएबरोबर चालायचं म्हणजे घड्याळ घरी ठेवून निघायचं. चाळीस वर्षं तिनं नागाओत उदोनचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या शेवया वाडग्यात गार होत, पण हिची गोष्ट काही संपत नसे. एरवी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र तिचा गळा धरावासा वाटत होता.

आमची तिसरी मैत्रीण इत्सुको आदल्या दिवशी गेली होती. आमच्या शिकोकू बेटावरची यात्रेची अठ्ठ्याऐंशी देवळं ती नऊ वर्षं थोडीथोडी करत होती, सगळी पायी. शेवटचं देऊळ आम्हा दोघींबरोबर करायचं म्हणून तिनं मुद्दाम राखून ठेवलेलं. दोनदा बेत ठरला आणि दोन्ही वेळा मी मोडला. एकदा संत्र्यांची तोडणी होती, एकदा नुसता कंटाळा आला होता. आजाराबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, हा तिचा खाक्या. मसुए दारात भाजी घेऊन गेली तरी ही म्हणायची, राहू दे, आहे घरात.

देवळांच्या शिक्क्यांची वही आमच्याकडे माणसाबरोबर शवपेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेटी बंद होणार होती आणि वहीचं शेवटचं पान कोरं होतं. शिक्क्याची खिडकी पाचला मिटते. इत्सुकोच्या मुलाला वही सापडून ती माझ्या हातात पडेपर्यंत अकरा वाजले. गाडीनं तासाभरात झालं असतं. पण सत्त्याऐंशी शिक्के पायी आणि शेवटचा गाडीतून, हे त्या वहीत शोभलं नसतं. मी दोनदा टाळलं होतं, आता पाय मोडले तरी चालायचं होतं.

अंगात पांढरा अंगरखा आणि हातात काठी दिसली की या वाटेवर लोक यात्रेकरूला बोलावून काहीतरी देतात. त्याला सेत्ताई म्हणतात. तिला नाही म्हणायचं नसतं, कारण ती आपल्याला नसते, आपल्यासोबत अदृश्यपणे चालणाऱ्या दाइशींना, या यात्रेच्या संताला असते. गाव संपायच्या आतच एका बाईनं संत्री दिली. मसुएनं ती घेतली आणि बाईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. पुढे चहा आणि उकडलेली रताळी. तिथे घरातल्या सुनेचं माहेर निघालं ते मसुएच्या ओळखीचं. धरणापाशी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

पुढे एक म्हातारा चेस्टनटची पुडी घेऊन कुंपणाशी उभा होता. मी मान खाली घालून म्हटलं, नको बाबा, घाई आहे. आणि पुढे निघाले. जन्मात पहिल्यांदा मी सेत्ताई नाकारली. मसुए मागे फिरली, त्याच्यापुढे वाकली, पुडी घेतली, सेत्ताईच्या बदल्यात द्यायची आपल्या नावाची चिठ्ठी त्याला दिली आणि लंगडत माझ्यामागे आली.

"लाज नाही वाटली?" तिनं विचारलं.

"पाच वाजतात, मसुए. तिला शिक्का हवाय, चेस्टनट नकोत."

"इत्सुको जन्मभर सगळ्यांना नाहीच म्हणत आली. तू आता तिची गादी चालव."

त्यानंतर तासभर मी पुढे आणि ती मागे, अशा चाललो. साडेतीनला मागून एक छोटा ट्रक येऊन थांबला. अजून पाच किलोमीटर चढ बाकी होता आणि मसुएचा गुडघा सुजला होता. ट्रकवाला म्हणाला, "चला आजी, देवळापर्यंत सोडतो. सेत्ताई समजा."

आता आली का पंचाईत. बसावं तर वही बाटते, नाही म्हणावं तर पुन्हा तेच पाप. मी काठी धरून नुसती उभी राहिले. मसुएनं माझ्या पिशवीतलीही सगळी संत्री-रताळी काढून आपल्या पिशवीत भरली, वही तेवढी ठेवली.

"सेत्ताई मी घेते," ती म्हणाली. "तू चाल."

आणि खरंच चढून बसली. ट्रक वळणाआड गेला तेव्हा रागानं माझे डोळे भरून आले. मैत्रीण मेलीय आणि हिला बसायला गादी आणि खायला रताळी हवीत, असं मी मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं.

मग मी थांबले नाही. उन्हं डोंगरामागे गेली. छातीत कळ येत होती, वही पोटाशी धरली होती. देवळाच्या पायऱ्यांशी आले तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. मी तशीच वर गेले.

खिडकी उघडी होती. आत तरुण भिक्षू तोंडात रताळं घेऊन बसलेला, दोन्ही हात चिकट, समोर संत्र्याच्या सालींचा ढीग. बाहेर मसुए तिच्या दुकानाची गोष्ट सांगत होती.

"आजी," तो घास गिळत म्हणाला, "नाही म्हणायचं नसतं ते यात्रेकरूनं. मी यात्रेकरू नाही."

"मग जा, हात धुवून या. अशा हातांनी खिडकी मिटू नका." तिनं मला पाहिलं. "आणि येताना शाई घेऊन या."

तो हात धुवून आला, वही उघडली, काळ्या शाईनं लिहिलं, तीन लाल शिक्के मारले. पाच वाजून गेल्याचा विषय त्यानं काढला नाही. वहीवरचं नाव वाचून त्यानं विचारलं, आपल्यापैकी इत्सुको कोण? मी मसुएकडे पाहिलं. ती खाली वाकून संत्र्याच्या साली गोळा करू लागली.

"ती पुढे गेली," मी म्हटलं. त्यानं हात जोडले.

सकाळी इत्सुको पेटीत होती, यात्रेकरूच्या पांढऱ्या कपड्यांत, शेजारी काठी. मी वही तिच्या छातीवर ठेवली. मसुएनं किमोनोच्या रुंद बाहीतून एक संत्रं काढलं. तेवढं एक तिनं भिक्षूला दिलं नव्हतं. ते तिनं इत्सुकोच्या हाताशी नीट बसवलं.

"घे गं," ती म्हणाली. "सेत्ताई आहे. आता नाही म्हणता येणार नाही तुला."