बाईंचे हात

बाई आठवल्या की आधी त्यांची पाठ आठवते, आणि पाठीवर एकमेकांना घट्ट धरलेले दोन हात. एक आरोपी, एक हवालदार.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आमच्या गावाजवळच्या सरकारी कॉलेजात कुठल्याही वयाच्या माणसाला हाताला काम देणारं काहीतरी शिकता येई: नळजोडणी, केस कापणं, रुग्णसेवा. पंचेचाळिशीत मी तिथे बेकरीला गेले आणि पाव म्हणून विटा भाजल्या. बाई पाळणाघराच्या कोर्सला होत्या. पुण्यात त्यांनी अठरा वर्षं बालवाडीत शिकवलेलं. नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे परदेशात, आमच्या उइटहॉर्नला आल्या, तर या कॉलेजच्या सर्टिफिकेटाशिवाय त्यांना कुणी मुलांजवळ फिरकू देईना.

त्यासाठी एका पाळणाघरात उमेदवारी करायची होती. नियम एकच: मुलाचं काम मुलानं करायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी चौघांना भरवलं, पाचांना कोट घातले, दिसेल ते नाक पुसलं. कॉलेजच्या मॅडमनी शेरा लिहिला, "हात फार चालतात."

"अठरा वर्षं याच हातांचा पगार घेतला हो," बाई कँटीनमध्ये म्हणाल्या. "आता ठेवू कुठं?"

"पाठीमागे," मी थट्टेनं म्हटलं. त्यांनी ते मनावर घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मॅडम पेन घेऊन कोपऱ्यात बसल्या. मुलं अंगणात निघालेली. तिथली रीत अशी, की कोट जमिनीवर पसरायचा, बाह्यांत हात घालायचे आणि डोक्यावरून उलटा फिरवायचा. एका तीन वर्षांच्या मुलीला तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा डोकंच अडकलं. बाईंचे हात पाठीवर.

"रडली असती तर मी थांबले असते," बाई मला नंतर म्हणाल्या. "ती आत गप्प बसून राहिली हो."

त्यांनी कोट सोडवला, घातला, चेन लावली. नाकही पुसलं. नापास.

फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती. त्याआधीच नवऱ्याचं काम संपलं आणि इथे राहण्याचा परवानाही.

विमानतळावर माझ्या कोटाची चेन अडकली. मी ओढतेय, बाई बघताहेत, हात मागे.

"जमेल तुमचं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"नाही जमत हो बाई."

हात सुटले. चेन सर्रकन गळ्यापर्यंत आली, कॉलर सरळ झाली, आणि पदराचं टोक माझ्या नाकावरून फिरलं. मग त्या गेल्या.

तुम्हाला म्हणून सांगते, चेन अडकलेलीच नव्हती. नाक मात्र खरंच वाहत होतं.