दुसऱ्यांची गाणी

इंदुताई गाण्याआधी साथीदारांची ओळख करून द्यायच्या, आणि ती इतकी रंगायची की लोक गाणं विसरायचे. मी जळोचीच्या शाळेतला मास्तर, हौसेनं ढोलकी वाजवणारा. शेळगावच्या जयंतीला मी पहिल्यांदा त्यांच्या साथीला बसलो. माईक घेऊन त्या म्हणाल्या, "हे आमचं गुरुजी. दिवसभर पोरांना गप बसवत्यात आन् सांजच्याला ढोलकीला बोलतं करत्यात." मंडप हसला. मग त्यांनी आवाज लावला आणि हसणारी माणसं होती तिथंच स्तब्ध झाली. भरदार, किंचित खरखरीत आवाज.

एका वाहिनीनं त्यांना गायला बोलावलं आणि बोलणं ऐकून निवेदनालाच ठेवून घेतलं. नव्या गायकांची स्पर्धा होती. अट एकच, 'हाय-न्हाय' चालणार नाही. ताईंनी आरशासमोर उभं राहून 'आहे-नाही' घोटलं. आठवड्याचे बरेचसे दिवस पुण्यात जाऊ लागले. निरवांगीची, इंदापूरची बोलावणी परत जायला लागली.

"ताई, रियाज?" मी विचारायचो.

"सुराची रोज इचारपूस करावी लागती गुरुजी, न्हायतर त्यो वळख दाखवत न्हाय." आणि लगेच पुढं, "एवढं पर्व संपू द्या. शेवटच्या भागात मलाच गायला लावणार हायेत."

पर्वं संपत गेली. कधी पाहुण्यांचं भाषण लांबायचं, कधी वेळच उरायचा नाही. अखेर एकदा संधी मिळाली. ताईंनी हट्टानं मला साथीला नेलं. पहिली ओळ छान आली. अंतऱ्यात वर चढताना आवाज फाटला. त्या थांबल्या, हसल्या आणि स्वच्छ प्रमाण भाषेत पुढच्या स्पर्धक मुलीची ओळख करून देऊ लागल्या. तेवढा तुकडा वाहिनीनं दाखवलाच नाही.

परतताना बारामती आल्यावर त्या म्हणाल्या, "बोलायला गेले, त्याचं दुःख न्हाय. लोकांनी लई माया केली. पण गाणं कुठं जातंय, घरचंच हाय, असं वाटत राह्यलं बघा."

गेल्या वर्षी त्या काविळीनं गेल्या. शेळगावच्या विहारात पुण्यानुमोदनाला गर्दी मावत नव्हती. जो तो त्यांच्या निवेदनाबद्दल बोलत होता. शेवटी त्यांचे थोरले भाऊ, आबा, उठले. "आमच्या इंदीचं एक गाणं लावा कुणीतरी."

लोकांनी फोन काढले. सगळ्या फोनांत ताई होत्या, गोड बोलत होत्या, आणि त्यांचं बोलणं संपलं की दुसरंच कुणी गायला लागायचं. त्या गात होत्या तेव्हा आमच्याकडे असे फोन नव्हते. फोन आले तोवर त्यांचं गाणं थांबलं होतं.

आबा माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमच्याकडं तरी आसंल की?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ढोलकी पुढं ओढली आणि त्यांच्या गाण्याचा ठेका धरला. गाणारं कुणी नव्हतं. लोक माना खाली घालून नुसता ठेका ऐकत राहिले.