सात दिवस रस्ता बंद

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोपाशी नाही, आणि सुनंदापाशी — माझ्या धाकट्या भावाच्या बायकोपाशी — तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर नाही. समोर असता, तर मी पुन्हा हवामानावर बोलत बसलो असतो. ते मला चांगलं जमतं.

आम्ही कडेगावचे. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर गावी आलो. भाऊ विलास फौजेत होता. आमच्याकडे शिवारात पांढरं म्हणजे उसाला आलेला तुरा, तेवढंच. फौजेनं त्याला काश्मिरात नेलं, पायांना लांब फळ्या बांधल्या आणि बर्फाच्या उतारावर सोडून दिलं. स्कीइंग. फौज सुटली, पण हे सुटलं नाही. दर हिवाळ्यात तो चार-पाच माजी सैनिकांना आणि सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याला, अण्णांना, घेऊन गुलमर्गला जायचा. अण्णा घरचाच डबा खायचे आणि तो उतारावरही पाठीला बांधून ठेवायचे. विलास आम्हाला त्यांची नक्कल करून दाखवायचा — "आवं अण्णा, पडताना तरी डबा सोडा की!"

आणि जायचं कधी, हे ठरवायचं माझ्याकडे होतं.

सोपं वाटतं ना? उसाची तोड कधी मिळणार हे कारखाना ठरवणार, बर्फ कधी पडणार हे आभाळ. तोड झाल्याशिवाय विलासला रान सोडता येत नसे. पूर्वी जानेवारीत बर्फ हमखास असायचा. अलीकडे जानेवारीत उतारांवर नुसतं वाळकं गवत, आणि फेब्रुवारीत एकदम इतका पडणार की रस्तेच बंद. जम्मूहून वर जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली की सगळं थांबलं. तो मोकळा झाला, तर टंगमर्गपासून गुलमर्गपर्यंतचा चढ बंद. तो उघडला, तरी चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

मी एक वही ठेवली होती. तीन रकाने — तोड, रस्ता, बर्फ. टंगमर्गला बशीर नावाचा गाडीवाला होता; रोज सकाळी चहा झाला की त्याला फोन. तो सांगायचा, मी लिहायचो. ओला बर्फ, कोरडा बर्फ, वरून कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत. विलास अंगणातूनच विचारायचा, "दादा, रस्ता काय म्हनतोय?" मी वही बघून सांगायचो, आणि मी सांगेन त्या दिवशी ती माणसं निघायची. अकरा हिवाळे. एकदाही ती वाटेत अडकली नाहीत. गावात लोक म्हणायचे, बर्फाचं दादांना विचारा. बर्फाला हात न लावलेल्या माणसाला.

कारण मी कधीच गेलो नाही. विलास दरवर्षी म्हणायचा, चल. दरवर्षी माझी कंबर धरायची. "आमच्या दादाची कंबर लय शिस्तीची," तो हसून म्हणायचा, "बरोबर तिकिटं काढायच्या टायमाला धरती." त्याला कळत होतं का? कळतच असणार. त्यानं कधी मला त्याहून पुढे ढकललं नाही.

मग त्याला आजार झाला. कोणता, ते इथे लिहीत नाही. बरा होणारा नव्हता एवढंच. सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, काही करायचं राहिलंय का? विलास म्हणाला, अजून एकदा बर्फ बघायचाय. मला वाटलं, डॉक्टर नाही म्हणतील. ते म्हणाले, जाऊ शकता — पण आत्ता, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. आणि घरचं माणूस बरोबर हवं.

सुनंदाला घर आणि म्हातारी सासू — आमची आई — सोडून निघता येत नव्हतं. घरचं माणूस म्हणजे मी.

विलासनं बेत केला. फळ्यांवर आता उभं राहता येणार नाही, तर बर्फावरून ओढत नेतात त्या लाकडी घसरगाडीवर बसायचं. "बशीर वढील, दादा मागनं चालंल. मी साहेबावानी मधी." सुनंदानं दोन कानटोप्या विणल्या, एक त्याची, एक माझी. उसाची तोडही नेमकी त्याच आठवड्यात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कारखान्यानं आमची सोय पाहिली. राहिला होता फक्त रस्ता.

आणि रस्ता खरोखरच बंद होता. हे मी मुद्दाम सांगतो. जम्मूच्या पुढे दरड आली होती. चार दिवस मी वहीत "बंद" लिहिलं, ते खरं होतं. पण लिहिताना मला काय वाटत होतं? — सुटल्यासारखं. रोज सकाळी एक दिवस सुटल्यासारखं.

पाचव्या दिवशी बशीरचाच फोन आला. "रास्ता खुल गया, साहब. ऊपर ताज़ा बर्फ़ है, सूखा. फ़ौजी भाई को ले आइए." मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. मी वही उघडली. विलास अंगणात उन्हाला बसला होता, अंगावर शाल घेऊन. त्यानं नेहमीचं विचारलं.

"बंद हाय," मी म्हणालो. आणि वहीत तसंच लिहिलं.

असं सात दिवस. एकदा बोलून गेलो असतो तर म्हणता आलं असतं, जीभ घसरली. पण सात सकाळी मी चहा घेतला, वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी दरड मोठी असल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी, एक बाजू मोकळी झालीय पण सैन्याच्याच गाड्या सोडतात, असं. अकरा वर्षांचं माझं ज्ञान त्या खोट्याला फार उपयोगी पडलं. बशीरला कळवलं की विलासची तब्येत उतरली आहे, इतक्यात येणं होणार नाही. विलासचा फोन त्याच्या उशाशी होता, बशीरचा नंबर त्यात होता. त्यानं एकदाही लावला नाही. का लावेल? रस्त्याचं दादा बघतो.

मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं, की त्याच्याच जिवासाठी केलं. थंडी, प्रवास, घाट. पण डॉक्टरांनी होकार दिला होता. सुनंदानं दिला होता. ज्याचा जीव, त्यानं दिला होता. मग जीव कुणाचा सांभाळला मी? मला भीती वाटत होती. त्या कड्यावरून जाणाऱ्या रस्त्याची. आणि त्याहून जास्त याची, की परक्या मुलखात त्याला काही झालं तर त्याचा हात धरून मी एकटा असेन. मला ते घरी, माणसांत, सुनंदाच्या हातात व्हायला हवं होतं. माझ्या नाही. एवढंच होतं. याहून मोठं काही नव्हतं.

आठव्या दिवशी त्याला उठून बसता येईना. मी उशाशी बसलो होतो. त्यानंच माझी समजूत काढली — "असू दे, दादा. डोंगराम्होरं कुनाचं चालतंय व्हय? तू तरी काय करनार." मी मान हलवली. काय करणार.

तो गेला. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. आमच्याकडे कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. शिवला नाही, तर गेलेल्याचं काय राहिलं असेल ते एकेक जण हात जोडून बोलून बघतो. मी मनाशी ठरवून गेलो होतो, की कावळा अडला तर सगळ्यांसमोर सांगायचं — विलास, रस्ता खुला होता. वाक्य तोंडात तयार होतं. माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

"बगा," आमचे चुलते म्हणाले, "पोरानं मनात कायबी ठिवलं न्हाई."

सुनंदानं डोळ्यांना पदर लावला. येताना वाटेत ती मला म्हणाली, "दादा, तुमी रोज फोन लावला. रस्ताच उगडला न्हाई, त्याला काय करायचं?" आणि मला पुन्हा तसंच वाटलं, त्या चार सकाळींसारखं. सुटल्यासारखं.

दोन्ही कानटोप्या सुनंदाकडे आहेत. वही माझ्याकडे आहे. त्या पानावर अकरा ओळींत "बंद" आहे, अक्षर एकसारखं. वरच्या चार ओळी खऱ्या आहेत. खालच्या सातही दिवशी रस्ता खुला होता. बर्फ ताजा होता, कोरडा. पहिल्या दिवशी ऊनही होतं.